बाटली भरलेलीच परत येते

सकाळी सातच्या सुमारास बदलापूर स्टेशनवर बायकांच्या डब्याची वाट पाहत उभ्या असलेल्या कोणाच्याही पर्समध्ये काय आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. पास, रुमाल, जेवणाचा डबा, येताना भाजी घ्यायला घडी घातलेली पिशवी आणि पाण्याची बाटली. बाटली सकाळी आठवणीने भरलेली असते. गंमत अशी, की यांतल्या कितीतरी जणींची बाटली संध्याकाळी तशीच, गळ्यापर्यंत भरलेली, घरी परत येते.

विचारले तर उत्तर ठरलेले. "अहो, कामाच्या गडबडीत तहानच लागत नाही." पण हीच बाई रविवारी घरी असली की तांब्या-तांब्याने पाणी पिते. खरे उत्तर फक्त मैत्रिणीच्या कानात सांगायचे असते. पाणी प्यायले की 'जावे' लागते, आणि जायचे कुठे हा प्रश्न असतो.

बायकांच्या नाजूक दुखण्यांची निम्मी कहाणी या भरलेल्या बाटलीत आहे. आपला समज असा, की ही दुखणी अस्वच्छतेने होतात. म्हणून जिला होतात ती तोंड लपवते. प्रत्यक्षात आपल्या बायका स्वच्छतेत कमी पडत नाहीत, उलट कधी कधी अतिरेकच करतात. घात होतो तो लपवण्याने. पाणी टाळायचे, लघवी दाबून ठेवायची, आतले कपडे कोणाच्या नजरेला पडू नयेत असे वाळवायचे आणि दुखणे अंगावर काढायचे. या चारही सवयी आपण 'मर्यादा' म्हणून आईकडून शिकलो आणि नकळत मुलींनाही शिकवत आहोत.

अडुसष्ट किलोमीटर

बदलापूरपासून मुंबईचे सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर, अंबरनाथपासून ६०. गाडी वेळेवर असली तरी बदलापूरहून दीड तास कुठे गेला नाही. लोकलच्या डब्यात संडास नसतो. स्टेशनवर असतो, पण एक तर तो पुलाच्या त्या टोकाला, नाही तर नाक दाबून आत जावे असा, आणि तिकडे गेले की गाडी चुकणार. घर ते स्टेशन रिक्षा, पुढे उतरल्यावर बस किंवा चालणे. हिशेब केला तर सकाळी साडेसहाला घरातून निघालेल्या बाईला दहाशिवाय मोकळे होता येत नाही. ऑफिसातले स्वच्छतागृह बरे नसेल तर ती थेट संध्याकाळचीच वाट पाहते. आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकल्याबरोबर आधी कुकर चढतो.

उल्हासनगरची तऱ्हा वेगळी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींतून राहिली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, पण आजही पत्ता सांगताना लोक 'कँप तीन', 'कँप पाच' असेच सांगतात. इथल्या पुष्कळ बायकांचे काम घराजवळच असते. कोणी दुकानात बसते, कोणी जीन्स शिवायच्या कारखान्यात जाते, कोणी शिवलेल्या पँटींचे लोंबणारे धागे घरी बसून कापते. मजुरी नगावर. उठले की तेवढे नग कमी होतात. "एवढा गठ्ठा संपला की उठते" असे म्हणत ही भाभी तीन-तीन तास मांडी मोडत नाही. तिच्या वाटेत लोकल नाही, पण दुखणे तेच.

आणि आपण नुसत्या गृहिणी? नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांच्या शाळेची वेळ, 'ह्यां'च्या डब्याची वेळ. सगळ्यांच्या वेळा सांभाळताना स्वतःची वेळ शेवटी. घरात दहा पावलांवर मोरी असूनही लघवी दाबून पोळ्या लाटणारी बाई प्रत्येक बिऱ्हाडात सापडेल.

चार सेंटीमीटरची वाट

यात बिघडते काय, ते समजून घेऊ. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा, पुरुषाचा त्याच्या कितीतरी पट. शिवाय शौचाची जागा अगदी शेजारी. आतड्यात निरुपद्रवी म्हणून राहणारे जंतू ही छोटी वाट ओलांडून मूत्राशयात पोचले, की तिथे मात्र उपद्रव सुरू करतात. जळजळ, घडीघडी लघवीला जावेसे वाटणे आणि गेले तर चारच थेंब, ओटीपोटात दुखणे. आपल्या आज्या याला 'उन्हाळी लागली' म्हणत. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. तेव्हा तो झाला म्हणून शरमायचे कारण नाही.

निसर्गाने यावर साधा उपाय ठेवला आहे. लघवीबरोबर हे जंतू धुऊन निघतात. मोरीत दिवसभर पाणी वाहत असले तर शेवाळ धरत नाही. पाणी तुंबून राहिले की धरते. तसेच हे. पाणी कमी, म्हणून लघवी कमी, तीही तासन् तास साठलेली. मग जंतूंना वस्ती करायला निवांत वेळ मिळतो.

हा नुसता आजीबाईचा बटवा नव्हे. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वारंवार उन्हाळीचा त्रास होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या. निम्म्या जणींना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले, बाकीच्यांना नेहमीसारखेच राहू दिले. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्यांना हा त्रास दुसऱ्या गटाच्या जवळजवळ निम्म्यानेच झाला. औषध एकच, आणि तेही नळाचे.

मग प्रवासाचे काय? वेळ बांधून घ्यावी. उठल्याबरोबर दोन भांडी पाणी प्यावे, म्हणजे निघेपर्यंत ते निकालात निघते. गाडीत घोट-घोट घ्यावे. कामावर पोचल्याबरोबर आधी स्वच्छतागृह, मग टेबल. तिथे पाण्याची बाटली डोळ्यांसमोर ठेवावी, पर्समध्ये नव्हे. परत निघण्याआधी पुन्हा एकदा जाऊन यावे. जाग्या वेळेत तीन-चार तासांहून जास्त दाबून ठेवू नये. लघवीचा रंग गर्द पिवळा दिसला, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

संडासनंतर धुताना पुढून मागे धुवावे, मागून पुढे नको. लहान मुलींना हे पहिल्यापासून शिकवावे. नवराबायकोच्या संबंधांनंतर लघवी करून यावे. नव्याने लग्न झालेल्या मुलींना हा त्रास बऱ्याचदा होतो आणि त्या बिचाऱ्या माहेरीही सांगत नाहीत, सासरीही नाहीत. लग्नात पन्नास वस्तू रुखवतात मांडणाऱ्या आईने ही एक गोष्ट लेकीच्या कानात सांगायला हरकत नाही.

थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत कळ येऊ लागली, लघवीतून रक्त दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नका. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदरपणात तर नुसती जळजळही दुर्लक्षित करू नये, तिने दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. आणि मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या घेणे किंवा बरे वाटले म्हणून कोर्स अर्धवट सोडणे, या दोन्ही गोष्टींनी जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

विरजणात साबण

आता स्वच्छतेच्या अतिरेकाकडे वळू. कोणी डेटॉलच्या पाण्याने धुते, कोणी तुरटीच्या. हल्ली त्यात गुलाबी बाटल्यांतल्या सुवासिक द्रवांची भर पडली आहे. जाहिरातीतली बाई ते वापरून इतकी हसते, की आपण आजवर अस्वच्छच होतो असे वाटावे.

वस्तुस्थिती अशी, की योनिमार्ग स्वतःची सफाई स्वतः करतो. तिथे काही उपयुक्त जंतू वस्तीला असतात, दह्याच्या विरजणात असतात त्यांच्याच जातकुळीतले. ते तिथला भाग आंबट ठेवतात आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंचे फावत नाही. साबण याच्या अगदी उलट गुणाचा. विरजणात साबणाचा फेस घातला तर दही लागेल का? आत साबण, डेटॉल किंवा पिचकारीने पाणी घालण्याने नेमके हेच होते. राखणदार मरतात आणि चोरांना रान मोकळे मिळते. वास जावा म्हणून धुवायला जावे, तर वास वाढतो, म्हणून पुन्हा धुणे. हे चक्र चालूच राहते.

बाहेरून साध्या पाण्याने दिवसातून एक-दोनदा धुणे आणि कोरडे करणे पुरे. आत काहीही घालायचे नाही. विरजणाचा दाखला दिला म्हणून दहीही लावायला जाऊ नका, ते जेवणातच शोभते.

पांढरे जाणे: कधी साधे, कधी नव्हे

'अंगावरून जाते' हे दोन शब्द उच्चारताना बाईचा आवाज आपोआप खाली येतो. त्यापाठोपाठ दुसरे वाक्य येते. "त्यानेच माझी कंबर दुखते, हाडे झिजली." हा समज घरोघरी आहे आणि तो खरा नाही. पांढऱ्या पाण्यावाटे हाडे विरघळून जात नाहीत. कंबर दुखते, थकवा येतो त्याची कारणे बहुधा दुसरीच असतात. रक्त कमी असणे, अपुरे जेवण, अपुरी झोप, दिवसभर वाकून काम. ती शोधायला हवीत.

दोन पाळ्यांच्या मध्यावर, पाळीच्या आधी, गरोदरपणात थोडे पातळ, पांढरट, बिनवासाचे जाणे हे तोंडात लाळ असण्याइतके स्वाभाविक आहे. त्यावर औषध नको. पण दह्याच्या चोथ्यासारखे जाऊन खाज सुटत असेल तर ती बुरशीची लागण. ती वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, मधुमेहाची पहिली चाहूल अशीही लागते. राखाडी, मासळीसारख्या वासाचे किंवा हिरवट-पिवळे, फेसाळ जात असेल तर वेगळे जंतू, वेगळे औषध. यातल्या काही आजारांत नवऱ्यानेही औषध घ्यायचे असते. ती घेते, तो घेत नाही आणि महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "ह्यांना कसं सांगू?" असे वाटत असेल तर डॉक्टरांनाच त्यांना बोलावू द्या.

संबंधांनंतर रक्त दिसणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे, रक्तमिश्रित दुर्गंधी स्राव, या तीन गोष्टी कोणत्याही वयात थांबण्यासारख्या नाहीत.

साडीच्या आड वाळणारे कपडे

आपल्या गॅलऱ्या पाहा. दर्शनी दोरीवर साड्या, चादरी, मुलांचे गणवेश. आतले कपडे मात्र टॉवेलच्या खाली, नाही तर बाथरूमच्या दाराआड. ज्या कपड्यांना उन्हाची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ऊन दाखवायचे नाही असा हा न्याय. पाळीचे कापड वापरणाऱ्यांच्या घरी ते कापड तर कपाटामागच्या अंधारात वाळते.

त्यात आपला पाऊस. उल्हास नदीच्या या खोऱ्यात तो लागला की आठवडा-आठवडा थांबत नाही. सकाळी स्टेशनपर्यंत जाताना भिजलेला परकर किंवा सलवार दिवसभर अंगावरच वाळते. ओल, घाम आणि घट्ट कपडा एकत्र आले की जांघेत नायटा धरायला वेळ लागत नाही. कपडा सुती असावा, सैल असावा. पावसाळ्यात पिशवीत एक जास्तीची चड्डी ठेवावी. दमट राहिलेल्या कपड्याला इस्त्री फिरवावी. पाळीत घडी किंवा पॅड चार ते सहा तासांनी बदलावे, डाग कमी असला तरी. कापड वापरत असाल तर कमीपणा मानू नका, स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले सुती कापड उत्तमच. फक्त ते उन्हात, सर्वांच्या कपड्यांबरोबर वाळू द्या. ज्या घरात ते सहज वाळते, त्या घरातल्या मुलीला पहिल्या पाळीच्या वेळी अर्धे धैर्य तिथेच मिळते.

नायट्यासाठी औषधाच्या दुकानातून ट्यूब आणायची आपली आणखी एक खोड. यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड मिसळलेले असते. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश. आतून बुरशी पसरतच राहते, कातडी पातळ होते, आणि मग डॉक्टरांनाही तो नायटा ओळखता येईनासा होतो. घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्यावे, टॉवेल वेगळे ठेवावेत.

ब्याण्णव जणी गप्प होत्या

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एवढे काय त्यात, बायकांच्या जातीला हे चालायचेच. या 'चालायचेच'ची मोजदाद आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत घरोघरच्या ६५० बायकांची तपासणी केली. त्याचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८. खेड्यातल्या बायका अडाणी म्हणून गप्प होत्या असे म्हणू नका. आपल्या सोसायटीतल्या किती जणींनी बाळंतपणाखेरीज कधी तपासून घेतले आहे, हे मोजून पाहा.

गप्प बसण्याची सर्वांत मोठी किंमत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात मोजावी लागते. हा रोग एका विषाणूमुळे होतो आणि वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. म्हणजेच तो वेळीच सापडू शकतो. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर केलेले काम पाहा. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या तयार केल्या, आणि त्यांच्या हातात हत्यार कोणते? आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते तेच पातळ आम्ल. गर्भाशयाच्या मुखावर ते लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले. अशी तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तर विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा केल्यानेही असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली दिसले. तिशी ओलांडल्यावर दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी. दोन-चार मिनिटांचे काम, भूल नाही, टाके नाहीत. मुलींसाठी प्रतिबंधक लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली देशी लस बाजारात आणली. ती नऊ ते चौदा या वयात दिलेली सर्वांत उत्तम.

तपासणीला जायचे कुठे? उल्हासनगरला कँप तीनमध्ये सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ आधी विचारून जावे. पुरुष डॉक्टरांचा संकोच वाटला तर सोबत नर्स हवी असे स्पष्ट सांगावे. तो आपला हक्क आहे.

हा संकोच नवा नाही. आपल्या शेजारच्या कल्याणच्या यमुना जोशीला, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाईंना, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. बायका परक्या पुरुषाला दुखणे सांगत नाहीत आणि म्हणून मरतात, हे पाहूनच ती १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. बाविशी गाठण्याआधीच ती गेली. आज आपल्याकडे गल्लोगल्ली डॉक्टरीणबाई आहेत. तरी आपण दुखणे सांगत नसू, तर दोष आता काळाचा नाही.

एकटीने भागणार नाही

स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र एकटीच्या सवयीने सुटणारा नाही. बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहे ठेवणे कायद्यानेच कारखान्यांवर बंधनकारक आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शहरांतल्या रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे हवीत यासाठी 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या मंडळींनी न्यायालयात दाद मागितली होती आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकांना तसे आदेश दिले. म्हणजे ही भीक नव्हे. भिशी, हळदीकुंकू, भजनी मंडळ, गाडीतला ग्रुप, कुठेही चार जणी जमल्या की एक अर्ज लिहावा. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, दिवा नाही, पाणी नाही, असे एकेक कलम घालून तीस सह्यांनिशी स्टेशनमास्तरांकडे, नगरपालिकेकडे द्यावा आणि पोच घ्यावी. एकटीने तक्रार करायला लाज वाटते. तीस जणींनी केली की ती मागणी होते.

आणि तोवर घरात एक करा. संध्याकाळी परत आल्यावर कुकर चढवण्याआधी पाच मिनिटे स्वतःसाठी घ्या. हातपाय धुवा, मोकळ्या व्हा, भांडेभर पाणी प्या. भात पाच मिनिटे उशिरा झाला तर घरच्यांचे काही बिघडत नाही. "आई, भूक लागली" म्हणणाऱ्या मुलीला तेवढा वेळ थांबायला सांगा, आणि का थांबायचे तेही सांगा. उद्या तिलाही याच गाडीने जायचे आहे.